आतून न लागणारी कडी

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं रस्त्याचं आणि रेल्वेचं गाव. मुंबई-आग्रा महामार्ग, सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि औद्योगिक वसाहत यांमुळे इथे माणसांची ये-जा मोठी. आसपासच्या खेड्यांतल्या मुली हायस्कूलसाठी अशाच मोठ्या गावात येतात, कारण लहान गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुधा चौथीला नाहीतर सातवीला संपते. मुलगी सातवी ओलांडते तेच वय पाळी सुरू होण्याचं. तिची शाळा घरापासून लांब जाते आणि तिला दर महिन्याला चार-पाच दिवस घराची सोय लागायला लागते, या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच सुमाराला घडतात.

आठवीतली अशी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सकाळी साडेनऊला ती फाट्यावर येऊन उभी राहते. एसटीचा पास फुकट आहे, शाळा अकराची आहे, सुटते पाचला, आणि परतीची गाडी वेळेवर मिळाली तरी घरी पोचायला सहा वाजतात. हे साडेआठ तास झाले. पॅड असो की कापड, चार ते सहा तासांनी बदलायला हवं. त्याहून जास्त वेळ ओलं राहिलं की मांड्या सोलवटतात, खाज सुटते, वास येतो, आणि डाग पडेल या धास्तीने मुलगी फळ्याकडे न बघता बाकाकडे बघत बसते. म्हणजे शाळेत असताना तिला निदान एकदा तरी बदलावंच लागतं. त्यासाठी मिळतात मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत तिला आतून लागणारी कडी हवी, बादलीभर पाणी हवं, वापरलेलं टाकायला झाकणाचा डबा हवा आणि दप्तरात एक जादा पॅड हवा.

गेली पंधरा वर्षं आपण बोलत आलो ते मुख्यतः या शेवटच्या वस्तूबद्दल.

त्या बोलण्यातून कामही झालं, हे मान्य केलं पाहिजे. केंद्र सरकारने २०११ साली १७ राज्यांतल्या १०७ जिल्ह्यांत आशाताईंमार्फत सहा रुपयांना सहा नॅपकिन द्यायला सुरुवात केली. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी ‘अस्मिता’ योजना आली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, गावातल्या इतर बायकांना २४ रुपयांपासून, आणि विक्री बचत गटांच्या हाती, अशी तिची रचना होती. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. जन औषधी केंद्रांतून ‘सुविधा’ नावाचा पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला मिळू लागला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे हेच सांगतात. १५ ते २४ वयाच्या ज्या मुली-बायका पाळीत स्वच्छ मानली जाणारी साधनं वापरतात, त्यांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५८ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ७८ टक्क्यांवर गेलं. शहरात ते ९० होतं, गावात ७३.

पण साधा हिशेब मांडून बघू. पाळीचे पाच दिवस, दिवसाला तीन पॅड, म्हणजे महिन्याला पंधरा. अस्मिताच्या पाकिटात होते आठ. पाकीट पुरवायचं तर दिवसाला दोन पॅडही वाट्याला येत नव्हते, आणि मुलगी सकाळी लावलेला पॅड संध्याकाळपर्यंत ओढायची. दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. योजना जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींसाठी होती, आणि आपल्याकडे आठवी ते दहावीची बहुसंख्य मुलं शिकतात ती शिक्षण संस्थांच्या अनुदानित विद्यालयांत. जिला गरज सुरू व्हायची ती मुलगी त्याच सुमाराला यादीतून बाहेर पडायची. वय ११ ते १९ लिहिणाऱ्याने महाराष्ट्रातली शाळा कुठे संपते आणि कुठे सुरू होते हे बघायला हवं होतं. जन औषधीचा एक रुपयाचा पॅड उत्तम आहे, पण दुकान आहे मोठ्या गावात किंवा शहरात, आणि तिथे काउंटरवर उभं राहून मागायला तेरा वर्षांच्या मुलीला जीभ उचलत नाही.

आता कापडाकडे येऊ, कारण खानदेशात कापडाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. त्या ७८ टक्क्यांच्या व्याख्येत कापड धरलेलंच नाही. त्याच पाहणीत निम्म्या मुली-बायका कापड वापरतात असंही दिसतं, म्हणजे अनेक जणी दोन्ही वापरतात. घरी कापड, बाहेर जाताना पॅड, हा त्यांचा व्यवहारी तोडगा आहे आणि तो मला शहाणपणाचा वाटतो. कापड हे मुळात वाईट साधन नाही. साबणाने धुतलेलं, उन्हात कडकडीत वाळवलेलं सुती कापड अंगाला पॅडपेक्षा मऊ लागतं आणि कचराही करत नाही. खानदेशाच्या उन्हाइतकं चांगलं औषध त्याला दुसरं नाही. पण दोरीवर सगळ्यांसमोर वाळत घालायची लाज वाटते. मग ते कापड पत्र्याच्या मागे, खाटेखाली, ओल्या परकराच्या आत दडपलं जातं, दमट राहतं आणि तसंच पुन्हा वापरलं जातं. जंतुसंसर्ग होतो तो या दमटपणामुळे.

यात आणखी एक बदल झाला, तो कोणी मोजलेला नाही पण घराघरात दिसतो. आजीच्या काळी सुती लुगडं जुनं झालं की त्याचे चांगले मऊ, पाणी पिणारे तुकडे निघत. आज घरात साड्या आहेत त्या पॉलिएस्टरच्या. त्यांचा तुकडा रक्त शोषत नाही, बाजूने ओघळू देतो. ज्या मुलुखात दिवाळीनंतर कपाशीने भरलेल्या गाड्या जिनिंगच्या दारात रांगा लावतात, जिथे आईबरोबर मुलगीही शाळा बुडवून वेचणीला जाते, तिथे तिच्या घरात धड सुती फडकं सापडत नाही.

आणि पॅडमध्ये तरी कापूस कुठे आहे? बाजारातल्या बहुतेक पॅडच्या पोटात असतो तो लाकडाचा लगदा. पहिल्या महायुद्धात कापसाची टंचाई होती, तेव्हा अमेरिकेतल्या किंबर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून जखमा बांधायचं ‘सेल्युकॉटन’ केलं. आघाडीवरच्या परिचारिकांनी ते पाळीसाठी वापरून पाहिलं आणि युद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, त्यातून ‘कोटेक्स’ पॅड बाजारात आला. कोइमतूरच्या अरुणाचलम मुरुगनंदम यांनी बायकोसाठी पहिला पॅड केला तो कापसाचाच, आणि तो फसला. कंपन्या वापरतात तो लाकडाचा लगदा आहे हे शोधून काढायला त्यांना दोनेक वर्षं लागली, मग त्यांचं स्वस्त यंत्र उभं राहिलं. लगदा द्रव पटकन ओढतो. त्याच्या जोडीला शोषक पॉलिमरचे बारीक दाणे असतात. ते फुगून जेलीसारखे होतात आणि दाबलं तरी ओल सोडत नाहीत. खाली प्लास्टिकचा पापुद्रा, वर जाळीदार पापुद्रा. पॅडची सगळी करामत या थरांत आहे, आणि वापरून झाल्यावरचा सगळा त्रासही यांतूनच निघतो. त्याकडे पुढे येते.

पाळीतलं रक्त किती असतं? मुलींना वाटतं खूप. प्रत्यक्षात एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे जातं. ८० मिलिलिटरहून जास्त गेलं तर ते अति मानतात. एका मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे दर पाळीला वीसेक मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. पोटभर आणि चौरस जेवणाऱ्या मुलीचं शरीर ते भरून काढतं. पण २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या, आणि त्यांची दरमहा होणारी ही झीज भरून निघत नाही. वर्गात डोकं धरून बसणारी, खेळाच्या तासाला झाडाखाली टेकणारी मुलगी आळशी नसते. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड असतं. तिने मळमळतं म्हणून मुली ती दप्तरात लपवतात. जेवणानंतर लगेच घेतली तर त्रास कमी होतो, आणि तिच्यावर चहा प्यायला नाही तर ती अंगी लागते. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीतही लोह आहे, पण धान्यातलं लोह शरीर हातचं राखून घेतं. सोबत लिंबू पिळलं, आवळा खाल्ला तर जास्त घेतं.

आता दुखणं. ‘पाळीत पोट दुखायचंच’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या आई मुलीला सांगत आली. दुखण्याचं कारण ठाऊक आहे. गर्भाशयाचं अस्तर सुटताना त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं निघतात, त्यांनी गर्भाशयाचे स्नायू आकसतात आणि कळा येतात. जिच्यात ती द्रव्यं जास्त, तिला कळाही जास्त. मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा आयबुप्रोफेन ही औषधं ती द्रव्यं तयार होणंच रोखतात, म्हणून कळ सुरू होताच, काहीतरी खाऊन घेतली तर चांगला गुण येतो. दम्याची किंवा पित्ताची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गरम पाण्याची पिशवीही काम करते. मात्र दर महिन्याला अंथरूण धरायला लागावं इतकं दुखत असेल, सात दिवसांहून जास्त जात असेल किंवा दर तास-दीड तासाला पॅड भिजत असेल, तर ‘लग्नानंतर होईल बरं’ म्हणून थांबू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. सुरुवातीची दोनेक वर्षं पाळी मागेपुढे होते. २१ ते ४५ दिवसांत कधीही आली तरी त्या वयात ते चालतं.

उलट एका गोळीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही. श्रावणातल्या रविवारी घरात कानबाई देवी बसते, घरात रोट होतात, भाऊबंद जमतात, आणि घरातल्या पोरीची तारीख त्याच रविवारी येणार असते. मग मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायची गोळी आणली जाते. ती संप्रेरकाची गोळी आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय शाळकरी मुलीला ती देणं मला अजिबात पटत नाही. कळ थांबवायची गोळी ‘सवय लागेल’ म्हणून नाकारायची आणि ही मात्र बिनदिक्कत द्यायची, यात मुलीच्या शरीराचा विचार कुठेच नाही.

हे असं होतं कारण विषय बोलायचाच नसतो. ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आहे’ हे शब्द जुने झाले. आता मुली ‘डेट आली’, ‘एमसी’, ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. शब्द बदलले, आडून बोलणं राहिलं. पूर्वी पहिलं न्हाण आलं की मुलीला मखरात बसवायचे, ओटी भरायचे. पण मखरात बसलेल्या मुलीला हे काय झालं ते कोणी सांगत नसे. आणि पुढल्याच महिन्यापासून तीच मुलगी शिवायची नाही. विटाळाच्या या कल्पनेला संत चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी आपल्या अभंगांतून सरळ प्रश्न विचारले. देह ज्याच्यापासून घडतो तेच अपवित्र कसं, हा त्यांचा मुद्दा अजून कोणाला खोडता आलेला नाही.

भारतातल्या १३८ अभ्यासांचा आणि सुमारे ९७ हजार मुलींच्या माहितीचा एकत्र आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पहिली पाळी येण्याआधी तिच्याबद्दल माहीत असलेल्या मुली निम्म्याच. उरलेल्या निम्म्या मुलींनी स्वतःचं रक्त पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांतल्या अनेकींना वाटलं असणार की आपल्याला काहीतरी लागलंय, किंवा मोठा आजार झालाय. त्याच आढाव्यात पाळीच्या दिवसांत शाळेत जात नाही असं सांगणाऱ्या मुली सुमारे एक चतुर्थांश निघाल्या. माहिती द्यायची तर ती पाचवी-सहावीत द्यायला हवी, आठवीत दिलेली उशिरा पोचते. आणि ती मुलांनाही द्यावी. मुलीच्या ड्रेसवरचा डाग बघून मागच्या बाकावरून हसणारा मुलगा बहुतेकदा दुष्ट नसतो, त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं.

‘पॅड द्या, मुली शाळेत येतील’ हे सूत्र मात्र जपून वापरायला हवं. नेपाळच्या चितवन जिल्ह्यात दोन अर्थतज्ज्ञांनी १९८ मुलींचा अभ्यास केला आणि त्यांतल्या काहींना पाळीचे कप देऊन पाहिले. २०११ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा की पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षाकाठी अर्ध्या दिवसाहूनही कमी होती आणि कप मिळाल्याने हजेरीत फरक पडला नाही. बुडालेल्या दिवसांचं मोठं कारण पोटदुखी हे होतं, आणि पोटदुखी कपाने थांबत नाही. तो भाग नेमका आपल्या भागासारखा नाही, आणि मुलगी शाळेत येते म्हणजे शिकू शकते असंही नाही. पण फुकट साधन वाटलं की काम झालं, या समजुतीला त्या अभ्यासाने चांगला धक्का दिला. आपल्या देशातला पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. २००३ नंतर शाळांत बांधलेल्या स्वच्छतागृहांचा अंजली आडुकिया यांनी अभ्यास केला. लहान मुलांच्या बाबतीत कोणतंही स्वच्छतागृह आलं तरी पट वाढला. वयात आलेल्या मुलींचा पट वाढला तो मुख्यतः त्यांच्यासाठी वेगळं स्वच्छतागृह झालं तिथे.

वेगळं स्वच्छतागृह २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलंच आहे, आणि कागदावर बहुतेक शाळांत ते आहेही. मग दाराला कुलूप का असतं? इथे त्या प्लास्टिक-लगद्याच्या थरांकडे परत यावं लागतं. डबा नसतो, म्हणून मुलगी वापरलेला पॅड भांड्यात टाकते. पाण्यात पॉलिमर फुगतो, नळी तुंबते. तुंबलेलं काढायला माणूस नसतो, कारण सफाईचं पदच नसतं. चार दिवसांनी वास सुटतो, मुख्याध्यापक कुलूप लावतात, आणि किल्ली कार्यालयात, बहुधा पुरुष शिक्षकाच्या टेबलावर जाते. ती मागायला कोणती मुलगी जाईल? मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, म्हणजे लघवीला जावं लागणार नाही. कडक उन्हाळ्याच्या जिल्ह्यात दिवसभर तहान मारणाऱ्या मुलींना मूत्रमार्गाचा संसर्ग व्हायचाच. पन्नास रुपयांच्या डब्यापासून सुरू झालेली साखळी आरोग्य केंद्रापर्यंत जाऊन पोचते.

शाळांना वापरलेले पॅड जाळायची विजेची छोटी यंत्रंही भेट मिळतात. उद्घाटनाला फोटो निघतो. पण प्लास्टिक कमी आचेवर जळलं की विषारी धूर होतो, आणि ही छोटी यंत्रं पुरेशी तापत नाहीत. मला तरी हा खर्च चुकीचा वाटतो. पुण्यात कचरावेचक बायकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने सोपी पद्धत रुजवली: पॅड कागदात गुंडाळायचा, वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्या बाईला उघडून बघावं लागत नाही. पॅडसोबत गुंडाळायची पिशवी देणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक केलं. जिथे शक्य आहे तिथे धुऊन वापरायचे शिवलेले कापडी पॅड हा आणखी चांगला मार्ग. पुण्याची ‘समाजबंध’ संस्था जुन्या कपड्यांपासून ते करते आणि शिवायला शिकवतेही. खानदेशातल्या बचत गटांना हे काम सहज जमेल, कापूस दारात आहे. मात्र शाळेत पाणी असेल आणि घरी उन्हातली दोरी मोकळी असेल, तरच मुलीला तो चालतो.

पैशांचा प्रश्न येतोच. १०० ते २५० पटाच्या सरकारी शाळेला समग्र शिक्षाचं संयुक्त अनुदान वर्षाला ५० हजार ठरलं आहे आणि त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. म्हणजे पाच हजार, महिन्याला चारशे-सव्वाचारशे. एवढ्यात रोज स्वच्छतागृह धुणारी बाई कोण येईल? पण ग्रामपंचायतीकडे वाट आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असा नियमही आहे. ते पैसे कुठे जातात ते विचारावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, हेही कायद्यातच आहे. त्या बायकांपैकी किती जणींनी शाळेचं मुलींचं स्वच्छतागृह आत जाऊन पाहिलं आहे?

सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२३ रोजी केंद्राला सगळ्या राज्यांसाठी एकच धोरण आखायला सांगितलं. सहावी ते बारावीच्या मुलींना मोफत पॅड आणि शाळेत वेगळी स्वच्छतागृहं मिळावीत, म्हणून जया ठाकूर यांनी केलेल्या याचिकेत तो आदेश झाला. धोरण दिल्लीत ठरतं. दाराला कडी गावातला सुतार लावतो.

म्हणून नरडाण्याच्या, बेटावदच्या, शिंदखेड्याच्या आणि तुमच्या गावच्याही आयांना, आशाताईंना, बचत गटाच्या बायकांना माझी एक विनंती आहे. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. पुढच्या महिला सभेआधी दोघी-तिघी मिळून मधल्या सुट्टीत शाळेत जा. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार आतून लावून बघा, नळ सोडून बघा, कोपऱ्यात डबा आहे का बघा, किल्ली कोणाकडे असते ते विचारा. कार्यालयात चार जादा पॅड कोणत्या बाईंच्या कपाटात आहेत आणि ते मुलींना ठाऊक आहे का, तेही विचारा. जे नसेल ते ठरावात लिहून घ्या, खाली सह्या करा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून पोच घ्या.